न चाखता निवडलेली वाइन

मी जन्मात दारूचा थेंब तोंडात घेतलेला नाही. तरीही नगरच्या कॅम्पातल्या एका हॉटेलात, भर दुपारी, एका इंग्रज डायरेक्टरसमोर मी वाइनची बाटली परत पाठवली आणि दुसरी निवडून त्याला पाजली. ही गोष्ट मी फुशारकीने सांगतो असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. असेल. पण त्या दिवशी माझी काय गाळण उडाली होती ते मलाच ठाऊक, आणि शेवटी जी सुटका झाली तिच्यापुढे थोडी फुशारकी चालून जावी.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. कालव्याच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी हंगामी केमिस्ट होतो. हंगामी म्हणजे गाळप सुरू झालं की हजर व्हायचं आणि गाळप संपलं की पुढच्या वर्षी बोलावतात की नाही याची वाट बघत बसायचं. असे तीन हंगाम झाले होते. कायम झालेल्यांना राहायला क्वार्टर मिळायची. हंगामी माणसाला मेसच्या मागच्या खोलीत एक खाट आणि शेजारी तीन घोरणारे. लग्नालाही तीनच वर्षं झाली होती. बायको पुणतांब्याला माझ्या आईवडिलांजवळ आणि मी कारखान्यावर. महिन्यातून एखाद्या रविवारी घरी जायचो, तेव्हा ती ताट वाढायची आणि आई शेजारी बसून मला कारखान्याच्या बातम्या विचारायची. तीन वर्षांत आम्ही नवराबायको सलग तासभर एकटे बोललो असू असं मला आठवत नाही.

त्यात आईची एक अट होती. कारखान्यावर मळीची दारू गाळतात आणि झाडून सगळे पितात अशी तिची पक्की माहिती होती. वडील गंगेच्या घाटावर भिक्षुकी करायचे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. घाटावर गावोगावची माणसं यायची आणि त्यांच्याबरोबर अशा बातम्याही यायच्या. पहिल्या हंगामाला निघालो तेव्हा आईने मला देवापुढे उभं केलं आणि म्हणाली, "क्वार्टर मिळाली तर सून पाठवीन. पण एक थेंब जरी तुझ्या पोटात गेला तर ती इथंच राहील." मी बेलभंडार उचलून शपथ घेतली. आत स्वयंपाकघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या, तेवढंच.

आता हे सांगायला हवं की घरून मी एकच विद्या घेऊन निघालो होतो, ती म्हणजे नाक. आमच्याकडे नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाकातलं काही चाखत नसत. चाखलं की उष्टं. मग आमटीत मीठ बेताचं पडलंय की नाही, हे उकळी आल्यावर वासावरून ओळखायचं. आई हे बिनचूक ओळखायची आणि माझ्या बायकोने वर्षभरात तिलाही मागं टाकलं. वडील आईला चिडवायचे, "घ्राणेन अर्धभोजनम्. वास घेतलास म्हणजे निम्मी जेवलीस." आई म्हणायची, "वाफ आपणहून नाकात येते. मी तिला बोलवायला जात नाही." लहानपणी चुलीपाशी बसून मीही हे शिकलो आणि कारखान्यात ते कामाला आलं. उसाचा रस जरा आंबायला लागला की नळीत घालून तपासायच्या आधी मी सांगायचो. आमचे चीफ केमिस्ट मला इतरांसमोर 'आमचं नाक' म्हणून हाक मारायचे. मला ते आवडायचं नाही, पण हंगामी माणसाने रागवायचं कुणावर?

तर त्या हिवाळ्यात मुंबईहून डायरेक्टर यायचे होते. कायम कुणाला करायचं ते ठरवणारा हा माणूस. तो पुण्याहून मोटारीने येणार, नगरला जेवणार आणि मग कारखान्यावर. जेवणाला त्याच्याबरोबर बसायचा मान चीफसाहेबांचा. पण आदल्या दिवशी चीफसाहेबांना हिवताप भरला. दोन रजयांखाली कुडकुडत त्यांनी मला बोलावून घेतलं.

"उद्या तू जायचं नगरला," ते म्हणाले. "जेवण तो मागवील. वाइन यजमानाने निवडायची असते. नीट निवड. हा माणूस दुसरं काही बघत नाही. जो बाटली निवडताना घाबरला, तो कारखान्यात काय निर्णय घेणार, असं म्हणतो तो."

"साहेब, मी पीत नाही."

"कोण पी म्हणतंय? मटण असलं तर तांबडी, मासे असले तर पांढरी. बटलर तुझ्या ग्लासात थोडी ओतील. ती चाखायची, मान हलवायची. मग तो पाहुण्याला ओततो."

"म्हणजे मी चाखलेली बाटली पाहुण्याला?"

चीफसाहेब रजईतून उठून बसले. "विलायतेत तसंच असतं! तुझं पुणतांब्याचं सोवळं तिथं मधे आणू नकोस. तीन वर्षं क्वार्टर क्वार्टर करतोयस ना? मग?" आणि पुन्हा कुडकुडत आडवे झाले. निघताना त्यांनी मला त्यांचा लोकरी कोट दिला, कारण माझ्याकडे कोट नव्हता. तो मला दोन बोटं मोठा होत होता.

रात्रभर मी तांबडी मटण, पांढरी मासे असं पाढ्यासारखं घोकत पडलो. थेंब घेतला तर आई बायकोला पाठवणार नाही. नाही घेतला तर साहेब क्वार्टर देणार नाही. दोन्हीकडून बायको पुणतांब्यालाच. असला पेच देवाने शत्रूवरही आणू नये.

हॉटेल एका म्हाताऱ्या पारशाचं होतं. लढाईत तिथं गोऱ्या सोल्जरांची झुंबड असायची. आता पांढऱ्या चादरी घातलेली टेबलं ओळीने रिकामी पडली होती. डायरेक्टर उंच, वयस्क, कमी बोलणारे. खुर्चीत बसल्याबरोबर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, मटणाचा रोस्ट मागवला आणि वाइनचं कार्ड माझ्याकडे सरकवलं. मी माझ्यासाठी उकडलेले बटाटे आणि पाव सांगितला.

कार्डाची दोन पानं भरून नावं होती, वळणदार अक्षरांत. इंग्रजी मला बरं येत होतं, पण ही फ्रान्समधली गावं असावीत. उच्चार करायला गेलो तर पहिल्याच नावाला जीभ अडखळली असती. माझ्या कानशिलांवर घाम आला. डायरेक्टर घड्याळाकडे बघत होते. शेजारी बटलर उभा होता. आमच्याच मुलखातला, पिकल्या मिशांचा, स्वच्छ पांढऱ्या कोटातला. त्याच्याकडे बघून मला एकदम सुचलं, की लढाईची पाच-सहा वर्षं विलायतेहून आगपेटी यायची मारामार होती. तिथं एवढ्या बाटल्या कुठून आल्या असतील?

मी कार्ड मिटलं आणि त्याला मराठीत विचारलं, "बाबा, यातल्या खरोखर कपाटात किती आहेत?"

म्हातारा चमकला. मग हळूच म्हणाला, "कागदावर लई हायेत साहेब. कपाटात चार. दोन तांबड्या, दोन पांढऱ्या."

"तांबड्या दोन्ही आणा."

एवढ्याने माझा निम्मा जीव भांड्यात पडला. दोन पानांतून निवडायचं आणि दोन बाटल्यांतून निवडायचं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढे आयुष्यात साहेबलोकांबरोबर जेवायचे आणखी प्रसंग आले, तेव्हाही मी कार्ड कधी वाचलं नाही. जो वाढतो त्याला विचारलं. त्याला सगळं माहीत असतं आणि त्याला कुणी विचारत नसतं.

बटलरने दोन्ही बाटल्या आणल्या. पहिलीचं बूच वाळून भुसा झालेलं होतं. स्क्रू फिरवताना ते तुटलं, बाटली हिसकली आणि चांगली पळीभर वाइन चीफसाहेबांच्या कोटाच्या बाहीवर उडाली. म्हातारा गडबडून "माफी करा, माफी करा" म्हणत फडक्याने टिपायला लागला. मी हाताने थांबवलं. त्याने माझ्या ग्लासात थोडी ओतली आणि मागे सरकून उभा राहिला. डायरेक्टरही माझ्याकडे बघायला लागले.

तो क्षण अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे. मी ग्लास उचलला. ओठांपाशी नेला. आईपुढचा बेलभंडार आठवला, बांगड्या आठवल्या. आणि तेवढ्यात वास आला.

गिरणी दोन दिवस बंद पडून उसाचा रस नाल्यात साचला की सोमवारी सकाळी जो वास येतो, तोच. ओळखीचा. मी तीन वर्षं ज्याच्यासाठी पगार घेत होतो तो वास. मी ग्लास खाली ठेवला.

"ही नको. आंबली आहे," मी इंग्रजीत म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला, इतका तो शांत होता.

"न चाखताच, साहेब?" म्हातारा पुटपुटला.

डायरेक्टरांनी तो ग्लास आपल्याकडे ओढला, एक घोट घेतला आणि त्यांचं तोंड कच्ची चिंच खाल्ल्यासारखं झालं. "व्हिनेगर," ते म्हणाले. "दुसरी बघा."

दुसरीचं बूच ओलसर होतं, अखंड निघालं. बटलरने नव्या ग्लासात ओतली. मी वास घेतला. पिकल्या जांभळांचा, थोडा लाकडाचा, कुठेही आंबूसपणा नाही. चांगली होती. मला तेवढं कळत होतं. आता फक्त एक घोट घ्यायचा आणि मान हलवायची एवढंच उरलं होतं.

मला खोटं नाटक करता येत नाही, हा माझा गुण नाही, खोड आहे. तिने मला पुष्कळदा अडचणीत आणलंय. मी ग्लास तसाच ठेवला आणि म्हणालो, "साहेब, ही उत्तम आहे. पण मी चाखणार नाही. मी पीत नाही, हे एक. आणि दुसरं असं, की आमच्या घरी पाहुण्याला किंवा देवाला जे द्यायचं ते आपण आधी तोंडाला लावत नाही. ते उष्टं होतं." उष्टं याला इंग्रजीत शब्द सापडेना, म्हणून सगळं समजावून सांगावं लागलं. सांगता सांगता मनात म्हणत होतो, गेली क्वार्टर. गेली.

डायरेक्टरांनी विचारलं, "मग तुमच्याकडे स्वयंपाकात मीठ किती पडलं ते कसं कळतं?"

"वासावरून. माझी बायको उकळी आली की सांगते."

"ती वास घेऊन मीठ ओळखते?" त्यांनी प्रथमच माझ्याकडे नीट बघितलं. "कुठे असते ती?"

"पुणतांब्याला. आईवडिलांजवळ."

"कारखान्यावर का नाही?"

"हंगामी माणसाला क्वार्टर नसते, साहेब."

त्यांनी बटलरला खूण केली. त्याने कोरा ग्लास भरला. डायरेक्टर प्यायले, मान हलवली, आणि मग जेवण होईपर्यंत रस, मळी आणि बॉयलर यांखेरीज एक अक्षर बोलले नाहीत.  निघताना घड्याळ मनगटाला बांधत ते म्हणाले, "स्टोअरच्या मागची क्वार्टर रिकामी आहे. तुमच्या चीफला मी सांगतो. दुपारची गाडी आहे ना तुमच्या गावाला? जा. बायकोला घेऊन या. कायमचा कागद मागून येईल."

  म्हाताऱ्या बटलरने मला टांग्यापर्यंत पोचवलं आणि म्हणाला, "बेस झालं साहेब. ती पैली बाटली आमी तीन वर्सं हुबीच ठिवल्याली, बूच वाळलं की आंबनारच. पर न चाखता वळखनारं कुनी भेटलंच न्हाई आजवर." मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

गाडीत मी राजासारखा बसलो. राहुरी गेलं, बेलापूर गेलं, दोन्ही बाजूंनी ऊस डोलत होता, आणि मी मनातल्या मनात क्वार्टरमध्ये चूल कुठे मांडायची ते ठरवत होतो. कोटाच्या बाहीची मला आठवणसुद्धा नव्हती.

दिवेलागणीला घरी पोचलो. आई ओटीवर वाती वळत बसली होती. मी वाकून नमस्कार केला, आणि उठतोय तोवर तिचा हात थांबला.

"वास कसला येतोय?"

 मी कोट काढला, बाही दाखवली, सगळं सांगायला लागलो. बाटली, बूच, बटलर, साहेब, क्वार्टर. जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटत होतं. माझं मलाच वाटत होतं. आई वाती खाली ठेवून माझ्याकडे बघत होती. "बाटली तू निवडलीस, ग्लास तू हातात घेतलास, कोटावर तुझ्या सांडली, आणि प्यायला तो साहेब," ती म्हणाली. "हे मी खरं धरू?" तिचे डोळे भरून आले होते. रागावली असती तर परवडलं असतं. वडील संध्येच्या पाटावरून उठून आले आणि खांबाला टेकून उभे राहिले.

तेव्हा बायको आतून आली. तीन वर्षांत सासूसासऱ्यांसमोर ती कधी माझ्याशी थेट बोलली नव्हती. डोळे लाल होते, नाकाचा शेंडा लाल होता. मला वाटलं, आत रडत होती. तिने कोट घेतला, बाही नाकाशी धरली. मग सरळ माझ्यासमोर येऊन भरल्या आवाजात म्हणाली, "तोंड उघडा."

मी उघडलं. तिने वाकून वास घेतला, लांब श्वास घेऊन, उकळत्या आमटीचा घेते तसा.

"आई, बाहीला आंबलेलं लागलंय," ती म्हणाली. "तोंडाला काही नाही. पाव खाल्लाय आणि वरून सुपारी."

मी खरंच स्टेशनवर सुपारी खाल्ली होती. आईने बाही हातात घेऊन पुन्हा हुंगली. "आंबलेलंच आहे," असं ती बऱ्याच वेळाने म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. वडिलांनी खांबापासून म्हटलं, "पण वास तर घेतलाच ना त्याने? घ्राणेन अर्धभोजनम्. निम्मी प्यायलाच की!"

आई त्यांच्यावर फिरली. "वाफ आपणहून नाकात जाते. तो काय बोलवायला गेला होता? सकाळी गंगेवर स्नान करील. आणि तू गं, ट्रंक भरायला घे."

मी ओटीवर मटकन बसलो.  

त्या रात्री आमटी खारट झाली होती. चांगलीच. तिच्या हातून असं कधी होत नसे. वडिलांनी मुकाट्याने भातावर ताक घेतलं, आई म्हणाली "धांदलीत हात घसरला असेल", आणि मी आनंदाच्या भरात दोन वाट्या प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. डब्यात आमच्या बाकावर दुसरं कुणी नव्हतं. थंडी होती, म्हणून मी चीफसाहेबांचा कोट तिच्या अंगावर घातला. बाहीचा वास अजून येत होता. "हा चीफसाहेबांना कसा परत करायचा?" मी म्हणालो. "धुवून घ्यायला हवा. केवढा वास मारतोय बघ."

तिने पदराने नाक पुसलं. "मारत असेल," ती म्हणाली. "मला आठ दिवस सर्दी आहे. नाक पार चोंदलंय. कसलाच वास येत नाही."

मला कळायला वेळ लागला. आधी आमटी आठवली.

"मग काल ते... पाव, सुपारी?"

"पाव तुम्हीच सांगितलात सासूबाईंना, बटाट्यांबरोबर. सुपारी दातांत दिसत होती."

"आणि मी खरंच प्यायलेलो असतो तर?"

"नव्हता ना," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर बघत जरा थांबून, "मी नुसतं म्हटलं असतं, की हे पिणार नाहीत, मला माहीत आहे, तर ते कुणी ऐकलं असतं का? सासूबाईंना माझ्या नाकाचं पटतं."

 तिने कोटात हात ओढून घेतले. बाह्या तिला भलत्याच लांब होत होत्या. गाडी कारखान्याच्या स्टेशनात शिरेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो, आणि कुणीही आम्हाला काही विचारायला आलं नाही.